काम चालू, रस्ता बंद

रस्ता खणला की दोन पिंपे येतात, त्यांवर आडवा बांबू बांधला जातो आणि बांबूला पाटी लटकते : ‘काम चालू, रस्ता बंद’. ही पाटी आपण सर्वांनी इतक्या वेळा पाहिली आहे की तिच्यात काही कमी आहे असे आपल्याला वाटतच नाही. पण ती नीट वाचून पाहा. काय बंद आहे ते ती सांगते, कोठून जायचे ते सांगत नाही. मोटारवाल्याचे त्यावाचून फारसे अडत नाही. तो गाडी वळवतो, दोन किलोमीटरचा फेरा घेतो आणि पाच मिनिटे उशिरा पोचतो. पाठीवर दप्तर असलेल्या पाचवीतल्या मुलीला किंवा बाजाराची पिशवी घेतलेल्या आजींना मात्र दोन किलोमीटर म्हणजे अर्धा तास. त्या फेरा घेत नाहीत. पिंपाच्या कडेने, खडीच्या ढिगावरून, नाहीतर चालत्या वाहनांच्या अगदी बाजूने त्या सरळ पुढे जातात.

पायी जाणाऱ्याचा रस्ता पाटी लावून बंद करता येत नाही, ही गोष्ट बांधकामाच्या जागेवरील वाहतुकीचे नियोजन करताना सर्वांत आधी मान्य करावी लागते. आपल्याकडे ती बहुधा सर्वांत शेवटी आठवते. २०२२ या एका वर्षात भारतातील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली, आणि त्यांपैकी ३२,८२५ पादचारी होते, म्हणजे जवळजवळ पाचात एक. यांतील कोणीही वेगाने जात नव्हते.

बांधकामाजवळून माणसे आणि वाहने सुरक्षितपणे कशी न्यावीत, यामागे बरेचसे शाळेतलेच विज्ञान आहे : गती, घर्षण, वर्तुळ, प्रकाशाचे परावर्तन आणि थोडी संभाव्यता. ते समजून घेण्यासाठी आम्ही कोपरगाव हे गाव उदाहरण म्हणून घेतले आहे. तेथे जे दिसते ते थोड्याफार फरकाने महाराष्ट्रातल्या कोणत्याही तालुक्याच्या गावी दिसेल.

एकाच हंगामात सगळे

कोपरगाव गोदावरीच्या उत्तर तीरावर वसले आहे. दक्षिणेला साधारण १५ किलोमीटरवर शिर्डी. नगर–मनमाड रस्ता शिर्डीकडून येतो, गोदावरी ओलांडतो आणि पुढे येवल्याकडे जातो. (जिल्ह्याचे नाव २०२४ मध्ये अहिल्यानगर झाले, पण रस्ता लोकांच्या तोंडी नगर–मनमाडच राहिला आहे.) या रस्त्यावरून लांब पल्ल्याचे ट्रक जातात, शिर्डीला जाणाऱ्या बसगाड्या आणि मोटारी जातात, आणि तालुक्यातली मुले सायकलवरून शाळेतही याच रस्त्याने जातात. तालुक्यात सहकारी साखर कारखाने आहेत. त्यामुळे गाळपाच्या दिवसांत दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले उसाचे ट्रॅक्टर आणि उसाच्या बैलगाड्या याच गर्दीत येतात. समृद्धी महामार्ग तालुक्यातून गेला आहे. त्याचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला.

आता दिनदर्शिका समोर ठेवून पाहू. डांबरीकरण आणि खोदाई पावसाळ्यात होत नाही. ही कामे दिवाळीच्या सुमारास सुरू होतात आणि मेअखेर संपवावी लागतात. उसाचे गाळप त्याच सुमारास सुरू होऊन साधारण मार्चपर्यंत चालते. शाळेचे दुसरे सत्र तेव्हाच असते. रामनवमीला शिर्डीकडे निघणाऱ्या पायी पालख्या मार्च-एप्रिलमध्ये येतात. म्हणजे रस्ता जेव्हा सर्वांत अरुंद असतो, नेमकी तेव्हाच त्यावर सर्वांत जास्त आणि सर्वांत वेगवेगळ्या गतीची गर्दी असते. याला दुर्दैव म्हणता येणार नाही, कारण हे दर वर्षी ठरलेल्या वेळी घडते. जे आधी माहीत असते त्याचे नियोजन करता येते.

आणखी एक गोष्ट. बांधकामाची जागा म्हणजे जेथे खणले आहे तेवढीच, असे आपण समजतो. पण मुरूम खाणीतून निघून डंपरने कामावर पोचतो तो सारा रस्ताही बांधकामाचाच भाग असतो. मोठ्या महामार्गाचे काम चार किलोमीटर दूर चालू असले तरी त्याचे डंपर एखाद्या वस्तीवरच्या शाळेच्या दारावरून दिवसभर ये-जा करतात. त्या शाळेजवळ पाटीही नसते आणि पिंपही नसते.

सेकंदांचा हिशेब

समोर अडथळा आहे हे चालकाच्या लक्षात येणे, तो काय आहे ते उमगणे, काय करायचे ते ठरणे आणि पाय ब्रेकवर पडणे, या साऱ्याला वेळ लागतो. रस्त्यांचा आराखडा करताना आपल्याकडे हा प्रतिक्रियाकाळ २.५ सेकंद धरतात. एवढ्या वेळात गाडी आपल्या मूळ वेगानेच पुढे जात असते. त्यानंतर ब्रेक लागतात आणि टायर व रस्ता यांच्यातील घर्षण गाडीची गतिज ऊर्जा खाऊन टाकते. ब्रेक लागल्यानंतरचे अंतर काढण्याचे सूत्र सोपे आहे : वेगाचा वर्ग भागिले (२ × गुरुत्वत्वरण × घर्षणगुणांक). घर्षणगुणांक वेगाप्रमाणे थोडा बदलतो. कोरड्या दिवसाच्या आशेवर न राहता तो ०.३५ ते ०.४० असा धरतात.

ताशी ३० किमी. वेगाने गाडी सेकंदाला ८.३ मी. जाते. प्रतिक्रियेत सुमारे २१ मी., ब्रेक लागल्यावर ९ मी., एकूण ३० मी. ताशी ५० किमी.ला ३५ आणि २७ मिळून सुमारे ६० मी. होतात. ताशी ८० किमी.ला ५६ आणि ७२, म्हणजे १२८ मी. वेग ३० वरून ८० झाला, म्हणजे पावणेतीन पटीच्या आत वाढला. थांबण्याचे अंतर मात्र चौपटीहून अधिक झाले, कारण त्याचा एक भाग वेगाच्या वर्गाबरोबर वाढतो.

खड्ड्याच्या दहा पावले अलीकडे ठेवलेले पिंप ताशी ८० किमी. वेगाने येणाऱ्याच्या दृष्टीने नसल्यासारखेच आहे, हे या आकड्यांवरून दिसेल. इंडियन रोड्स काँग्रेस ही संस्था १९३४ पासून आपल्याकडील रस्त्यांची मानके ठरवते. रस्त्याचे काम चालू असताना घ्यायच्या काळजीवर तिची ‘एसपी ५५’ या क्रमांकाची पुस्तिका २००१ मध्ये निघाली आणि २०१४ मध्ये सुधारून पुन्हा निघाली. तिच्यात कामाच्या जागेचे चार भाग केले आहेत. आधी नुसती सूचना देणारा टप्पा, मग वाहनांना हळूहळू बाजूला घेणारा टप्पा, मग प्रत्यक्ष कामाची जागा आणि शेवटी वाहने पुन्हा मूळ मार्गावर सोडणारा टप्पा. वाहने ताशी ५० किमी. किंवा त्याहून कमी वेगाने येत असतील तर पहिला टप्पा १०० मी. आणि दुसरा ५० मी. ठेवण्यास २००१ च्या पुस्तिकेने सांगितले. वेग ८१ ते १०० असेल तर पहिला ३०० ते ५०० मी. आणि दुसरा १०० ते २०० मी.

मीटर ही कंत्राटदाराची भाषा झाली. चालकाच्या भाषेत ५० च्या वेगाला १०० मी. म्हणजे ७ सेकंद. पाटी वाचायला, समजायला आणि वेग कमी करायला मिळालेली ही सात सेकंदे आहेत. पाट्या, शंकू, पिंपे, झेंडे ही सगळी साधने शेवटी एकच काम करतात, ती कोणाला तरी काही सेकंदे मिळवून देतात. म्हणून एखादी जागा तपासताना ‘पाट्या आहेत का?’ हा प्रश्न पुरेसा नाही. पाटीने किती सेकंदे दिली, ते विचारावे.

सेकंदे अपुरी पडली आणि धडक झालीच, तर तिचे गांभीर्यही वेगाच्या वर्गावर ठरते. ५० च्या वेगाची धडक म्हणजे जवळजवळ १० मी. उंचीवरून, म्हणजे तीन मजल्यांवरून पडणे. ३० च्या वेगाची धडक साडेतीन मीटरवरून पडण्याइतकी. शाळेजवळ काम चालू असताना वेग ३० वर आणा असा आग्रह धरला जातो तो यासाठी. आणि वेग पाटीवर ‘३०’ लिहिल्याने उतरत नाही. रस्ता थोडा अरुंद केला, रबरी गतिरोधक टाकला, किंवा झेंडेवाला माणूस उभा केला, तर उतरतो.

झेंडेवाल्याचे काम दिसते तितके सोपे नाही. समजा रस्त्याची एक बाजू ३०० मी. लांबीवर खणली आहे आणि उरलेल्या एका पट्टीतून आळीपाळीने वाहने सोडायची आहेत. ताशी २० किमी. वेगाची जीप ही पट्टी ५४ सेकंदांत पार करते. ताशी १० किमी.च्या ऊसभरल्या ट्रॅक्टरला १०८ सेकंद लागतात. उसाची बैलगाडी ताशी ३ किमी. चालली तर पूर्ण सहा मिनिटे! एवढा वेळ समोरच्या बाजूची सारी वाहने ताटकळतात, मग एखादा मोटारसायकलवाला घुसतो, त्याच्यामागे दुसरा घुसतो आणि मधोमध कोंडी होते. तिच्यातून पायी जाणारे अंग चोरून वाट काढतात. एका वेळी किती लांबी खणायची हे यंत्राच्या सोयीने ठरवण्याची पद्धत आहे. ते त्या रस्त्यावरच्या सर्वांत संथ वाहनाकडे पाहून ठरवले पाहिजे. तीच खोदाई १०० मी.च्या तुकड्यांत केली, तर बैलगाडीलाही दोनच मिनिटे लागतात. वळणामुळे दोन झेंडेवाल्यांना एकमेक दिसत नसतील तर शेवटच्या वाहनाच्या चालकाकडे एक काठी द्यावी आणि पलीकडच्याने ती हाती आल्यावरच आपल्या बाजूची वाहने सोडावीत. एकेरी रेल्वेमार्गावर चालकाला टोकन देत असत, त्यामागचे तत्त्व हेच.

ओलांडणाऱ्याला किती थांबावे लागते?

आता पादचाऱ्याकडे वळू. सात मीटर रुंदीचा दुपदरी रस्ता धरू. लहान मूल किंवा वृद्ध माणूस सेकंदाला ०.९ मी. चालतो असे मानले, तर ओलांडायला सुमारे ८ सेकंद लागतात. म्हणजे दोन वाहनांच्या मध्ये ८ सेकंदांची फट मिळेपर्यंत थांबायला हवे.

वाहने कोणत्याही ठरावीक क्रमाने न येता यदृच्छेने येतात असे गृहीत धरले, तर किती वेळ थांबावे लागेल याची सरासरी गणिताने काढता येते. (अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांनी घातांकी फलन वापरून हे अवश्य करून पाहावे.) दोन्ही बाजूंची मिळून तासाला ४५० वाहने असतील तर सरासरी ६ सेकंद थांबावे लागते. वाहने दुप्पट, म्हणजे ९०० झाली, तर १८ सेकंद. आणखी दुप्पट, म्हणजे १,८०० झाली, तर ९९ सेकंद! वाहने चौपट झाली आणि थांबणे सोळापटीहून अधिक वाढले. प्रत्यक्षात वाहने अगदी यदृच्छेने येत नाहीत. उसाच्या ट्रॉलीमागे दहा गाड्या साचून येतात आणि त्यांच्यामागे मोठी फट पडते. त्यामुळे आकडे थोडे बदलतील, पण वाढीची तऱ्हा हीच राहील.

मुख्य रस्ता बंद करून त्याची वाहतूक जेव्हा आतल्या गल्लीतून वळवतात, तेव्हा त्या गल्लीत काय घडते हे यावरून लक्षात येईल. गल्लीतल्या लोकांना वाटते, रहदारी ‘जरा वाढली’. पण काल जी मुलगी सहा सेकंद थांबून समोरच्या घरी जात होती तिला आज दीड मिनिट थांबायला हवे. आठ-नऊ वर्षांचे मूल दीड मिनिट थांबत नाही. ते धावते. ‘मुले बेशिस्त आहेत’ असे म्हणून आपण मोकळे होतो, ते आम्हाला बरोबर वाटत नाही. सोळापट थांबायला लावणाऱ्याची शिस्त आधी तपासली पाहिजे.

यावर उपायही त्याच गणितात आहे. रस्त्याच्या मधोमध चार पिंपांनी नीट आखलेली, उभे राहण्यापुरती सुरक्षित जागा केली, तर ओलांडणे दोन टप्प्यांत होते. प्रत्येक टप्पा ४ सेकंदांचा, आणि प्रत्येक वेळी एकाच बाजूची ९०० वाहने पाहायची. सरासरी थांबणे दर टप्प्याला सुमारे ३ सेकंद, दोन्ही मिळून ६. नव्याण्णवाचे सहा! मधली जागा करणे शक्य नसेल तर ओलांडण्याची जागा मुद्दाम तेथे ठेवावी जेथे कामामुळे रस्ता एकपदरी झाला आहे आणि झेंडेवाला उभा आहे. रस्ता अरुंद झाल्याचा पादचाऱ्याला होणारा हा एकमेव फायदा आहे.

पण ओलांडायला लावणे हाच मुळात शेवटचा पर्याय असावा. पदपथ किंवा रस्त्याची कड खणली जाणार असेल, तर आधी त्याच बाजूला, खोदाईच्या आतल्या अंगाने वाट ठेवता येते का ते पाहावे. ते शक्य नसेल तर वाहनांच्या पट्टीतून पायवाटेपुरती जागा काढून ती भक्कम कठड्याने वेगळी करावी. दोन्ही अशक्य असतील तरच पलीकडे पाठवावे. ब्रिटनमध्ये रस्त्यांवरील कामांसाठी जी आचारसंहिता आहे, तिच्यात अशी तात्पुरती वाट शक्यतो १.५ मी. आणि कोणत्याही परिस्थितीत १ मी.हून कमी नको, असे सांगितले आहे. कठड्याला जमिनीपासून जास्तीत जास्त २० सेंमी. उंचीवर एक आडवी फळी लावायलाही ती सांगते. ही फळी अंध व्यक्तीच्या पांढऱ्या काठीसाठी. आपल्याकडे कमरेच्या उंचीवर प्लास्टिकची पट्टी ताणून बांधतात. काठी तिच्या खालून जाते आणि मागोमाग माणूसही.

मागची चाके

तात्पुरत्या वळणावर पायी जाणाऱ्याने कोठे उभे राहू नये? वळणाच्या आतल्या बाजूला. याचे कारण नववीच्या भूमितीत सापडते. बस वळते तेव्हा पुढची आणि मागची चाके एकाच वर्तुळावरून जात नाहीत. पुढच्या चाकांच्या वर्तुळाची त्रिज्या कर्ण, पुढच्या-मागच्या चाकांतील अंतर एक बाजू आणि मागच्या चाकांच्या वर्तुळाची त्रिज्या दुसरी बाजू, असा काटकोन त्रिकोण होतो. पुढची चाके १२ मी. त्रिज्येवर असली आणि चाकांतील अंतर ५.५ मी. असले, तर १४४ वजा ३०.२५, याचे वर्गमूळ १०.७. म्हणजे मागची चाके सव्वा मीटरहून अधिक आत येतात. चालकाचे तोंड पुढे असते. त्याने पुढचे चाक पिंपापासून हातभर दूर ठेवलेले असते, आणि मागचे चाक त्याच पिंपाला पाडून जाते. पिंपाच्या जागी सायकल घेऊन उभा असलेला मुलगा असू शकतो.

दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर असेल तर पहिली ट्रॉली आत येते आणि दुसरी तिच्याहून आत. शिवाय ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला असतो. म्हणून गाळपाच्या हंगामात तात्पुरता वळणमार्ग आखताना मोटारीचे माप धरून चालत नाही. कारखान्याच्या रस्त्यावरचे सर्वांत लांब वाहन प्रत्यक्ष सावकाश फिरवून पाहावे, त्याची चाके कोठून जातात तेथे फक्की टाकावी आणि लोकांची वाट त्या रेषेच्या बाहेर ठेवावी.

मागे येणारा डंपर हा असाच दुसरा धोका. त्याच्या पाठीमागचा मोठा भाग चालकाला आरशात दिसतच नाही, आणि उंची कमी असलेले मूल तर मुळीच नाही. त्यासाठी मागे येताना इशारा देणारा माणूस हवा. आणि शाळा भरण्या-सुटण्याच्या आधी व नंतर पंधरा मिनिटे डंपरांची ये-जा थांबवावी. याला एक पैसाही लागत नाही. मुख्याध्यापकांनी शाळेच्या वेळा लेखी कळवून हे मागावे. काम सुरू होण्यापूर्वी मागितले तर सहसा मिळते.

काळ्या मातीची गोष्ट

गोदावरीच्या खोऱ्यातली जमीन काळी आणि खोल आहे. ऊस तिच्यात चांगला येतो, पण खोदाई करणाऱ्यासाठी ती फसवी आहे. या मातीतील खनिजकण पाणी शोषून फुगतात आणि वाळले की आकसतात. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. कोरड्या चराच्या भिंती विटेसारख्या कडक दिसतात आणि आधाराची गरज वाटत नाही. पण एक अवकाळी सर आली किंवा शेजारची नळाची जोडणी गळाली, की तीच भिंत भेगांमधून सुटून खाली येते. तिच्याबरोबर काठावरचा कठडा येतो आणि कठड्याला टेकलेला माणूसही.

कोपरगावात पाण्यासाठी खोदाई हा रोजच्या जगण्याचाच भाग आहे. गोदावरी कालव्याचे पाणी येसगावच्या साठवण तलावांत घ्यायचे आणि तेथून शहरात आणायचे, अशी ही व्यवस्था. पाणी हवे तर जलवाहिनी हवी आणि जलवाहिनी हवी तर चर हवा. प्रश्न एवढाच की चराच्या किती जवळून माणसे जातील. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम खात्याच्या सुरक्षा नियमांत, उकरलेली माती चराच्या काठापासून १.५ मी. किंवा चराच्या खोलीच्या निम्मे, यांपैकी जे अधिक असेल तेवढी दूर टाकावी, असे आहे. १.२ मी. किंवा अधिक खोल चरात दर ३० मी.ला एक शिडी हवी, असेही आहे. मातीचा ढीग काठावरच टाकला तर त्याच्या वजनाने काठ लवकर ढासळतो. वाहनांच्या चाकांबाबतही तेच. चर जितका खोल तितके तरी अंतर चाकाने राखावे, हा साधा अंदाज लक्षात ठेवण्यासारखा आहे.

काळ्या मातीचा आणखी एक परिणाम नियोजनकाराच्या नकाशात दिसत नाही. पाऊस पडला की रस्त्याची कच्ची साइडपट्टी चिखलाने भरते, चप्पल रुतते, सायकलचे मडगार्ड चिखलाने गच्च होते. मग चालणारे सगळे डांबरावर येतात. नकाशात पादचाऱ्यांसाठी दीड मीटर जागा दाखवलेली असते, पण ती काळ्या मातीची असेल तर पावसाळ्यात ती शून्य मीटर समजावी. तिच्यावर मुरमाचा थर दाबून टाकला तरच ती वाट.

रात्री काय दिसते?

बंद पडलेल्या ट्रकभोवती दगड मांडायची आणि खड्ड्यात झाडाची फांदी खोचायची आपल्याकडे जुनी रीत आहे. दिवसा फांदीची खूण वाईट नाही. रात्री ती दिसत नाही, आणि ट्रक गेल्यावर मागे राहिलेले दगड हा स्वतंत्र अपघात ठरतो. चुना फासलेला दगडही फारसा उपयोगी नाही. चुना आपल्यावर पडलेला प्रकाश सर्व दिशांना विखुरतो, त्यातला फारच थोडा चालकाच्या डोळ्यांपर्यंत परत येतो. चांगल्या पाटीवर असते ती प्रकाश आल्या वाटेने परत पाठवणारी पृष्ठे : बारीक काचेचे मणी, किंवा एकमेकांना काटकोनात असलेल्या तीन पृष्ठांचे छोटे कोपरे. अशा कोपऱ्यात कोणत्याही दिशेने आलेला किरण तीन वेळा परावर्तित होऊन आलेल्या दिशेनेच परततो. अपोलो ११ च्या अंतराळवीरांनी जुलै १९६९ मध्ये चंद्रावर ठेवलेला परावर्तक याच तत्त्वाचा.

सायकलच्या मागच्या लाल परावर्तकावर हा प्रयोग वर्गात होतो. खोलीत अंधार करून परावर्तक दहा पावलांवर ठेवा. टॉर्च डोळ्याशेजारी, कानाला लावून धरा. परावर्तक लखलखतो. आता तोच टॉर्च मित्राच्या हातात देऊन त्याला तीन पावले बाजूला उभे करा. परावर्तक विझल्यासारखा होतो. मग त्यावर चिखलाचे बोट फिरवून पाहा. कामावरच्या पाट्या दर आठवड्याला फडक्याने पुसणे किती गरजेचे आहे, ते वेगळे सांगावे लागणार नाही.

मोजायचे कसे?

आपल्या शाळेजवळ काम निघाले तर विद्यार्थ्यांना घेऊन ते तपासता येईल. मात्र शिक्षक सोबत असावेत, सर्वांनी रस्त्याच्या बाहेर, कठड्याच्या किंवा कुंपणाच्या मागे उभे राहावे आणि मोजण्यासाठी कोणीही रस्त्यात उतरू नये. रस्त्याकडेच्या दोन खांबांमधले अंतर बाहेरच्या बाजूने मोजून घ्या आणि वाहनाला ते तोडायला लागणारा वेळ घड्याळावर पाहा. वेग मिळेल. पंधरा मिनिटे वाहने मोजून चारने गुणा. पहिलीतल्या मुलाला आणि कोणाच्या तरी आजीला शाळेच्या मैदानावर सात मीटर चालवून वेळ घ्या. मग पाटीपासून खड्ड्यापर्यंतच्या अंतराला वेगाने भागून सेकंदे काढा. सकाळी लवकर जाऊन मुरमावरचे पायांचे ठसे पाहा. लोक खरोखर कोठून चालतात ते ठशांत दिसते, आणि ते नकाशातल्या वाटेशी बहुधा जुळत नाही. वाट ठशांच्या जागी सरकवावी, कारण ठसे वाटेच्या जागी सरकत नाहीत.

हे आकडे कागदावर मांडून नगरपरिषदेला किंवा बांधकाम खात्याला दिले, तर त्या अर्जाला वजन येते. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम १९८-अ आले. रस्त्याचा आराखडा, बांधकाम किंवा देखभाल यांत ठरवून दिलेली सुरक्षामानके न पाळल्याने कोणाचा मृत्यू झाला किंवा कोणी अपंग झाले, तर संबंधित अधिकारी, कंत्राटदार किंवा सल्लागार यांना एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. मुंबई उच्च न्यायालयाने १३ ऑक्टोबर २०२५ रोजी, खड्डे आणि उघडी मॅनहोल यांमुळे मृत्यू झाल्यास वारसांना सहा लाख रुपये आणि जखमींना पन्नास हजार ते अडीच लाख रुपये भरपाई द्यावी, असा आदेश दिला. एका बाजूच्या दहा शंकूंचा आणि दोन झेंडेवाल्यांच्या मजुरीचा खर्च यापुढे किरकोळ आहे.

काम संपल्यानंतरचे दोन-तीन दिवस मात्र कोणाच्याच हिशेबात नसतात. पाट्या तशाच राहतात, आणि काम नसताना उभी असलेली पाटी रोज पाहणारा चालक पुढच्या खऱ्या पाटीकडेही दुर्लक्ष करायला शिकतो. तिकडे चर घाईने बुजवलेला असतो, बहुतेक वेळा त्याच काळ्या मातीने. तो बुजवायचा तर मुरमाने, वीतभर जाडीच्या थरांत, पाणी मारून आणि प्रत्येक थराला धुम्मस करून. तसे न केल्यास जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात तो खाली बसतो आणि रस्त्याला समांतर अशी लांब घळ तयार होते. मोटारीला ती जाणवतही नाही, सायकलचे चाक मात्र तिच्यात अडकते. म्हणून पहिल्या पावसानंतर तो चर पुन्हा एकदा पाहून यावा. बसला असेल तर वर आणखी मुरूम टाकून दाबावा लागतो, आणि तोपर्यंत पिंपे त्या जागी परत आणून ठेवावी लागतात.